मागे राहिलेल्यांची व्यवस्था
(विश्रामबाग येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावयाचा आहे, वधूवरांच्या माहितीची देवघेव व्हावयाची आहे, आणि अशा मंगल दिवशी मी मृत्युपत्र व प्रोबेट हा विषय घेऊन उभा राहिलो आहे. चिटणीसांना प्रथम तो रुचला नव्हता. परंतु सांगलीच्या दिवाणी न्यायालयात अनेक वर्षे वकिली केल्यावर माझे असे मत झाले आहे की, ज्या घरात हा विषय सणासुदीला, सर्वजण हसतमुखाने एकत्र जमलेले असता निघतो, त्या घराला माझ्यासारख्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तेराव्याच्या दिवशी तो प्रथम निघाला की बोलणे फार लवकर विकोपाला जाते.

आपण बसलो आहो तो हा सांगलीचा परिसरच मुळी एका वाटणीतून नावारूपास आला आहे. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात चिंतामणराव आप्पासाहेब आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात बेबनाव होऊन १८०१ साली जहागिरीची वाटणी झाली व आप्पासाहेबांनी सांगली ही आपली राजधानी केली. पुढे १८२० साली मिरजेच्याही थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या. राजेरजवाड्यांच्या वाटणीतून एक नगर वसले हे आपले भाग्य म्हणावयाचे. आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील घरात वाटणी बिघडली तर मात्र अंगणात भिंत उभी राहते आणि भावाभावांच्या घरच्या लग्नपत्रिका परस्परांस जावयाच्या बंद होतात.

मृत्युपत्राचा व्यवहार समजून घ्यावयाचा तर त्यासाठी एक हकीकत मला सर्वांत उपयोगाची वाटते. आपल्यापैकी अनेकांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र वाचले असेल आणि त्यातील ताईमहाराज प्रकरण आले की पाने भराभर उलटली असतील. माझी विनंती आहे की तीच पाने एकवार सावकाश वाचावीत. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबामहाराज हे टिळकांचे स्नेही. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात ते अकस्मात आजारी पडले. टिळकांवर त्या वेळी राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता. २७ जुलैला त्यांना अटक झाली होती आणि ४ ऑगस्टला ते जामिनावर सुटले होते. अशा अवस्थेत ते मित्राच्या अंथरुणापाशी गेले. मृत्युपत्र झाले, त्यात टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व इतर काही जण व्यवस्थापक नेमले गेले, आणि ७ ऑगस्टला बाबामहाराज वारले.

मृत्युपत्रातील मुख्य कलम असे होते. पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना मुलगा झाला तर तो वारस. न झाला, अथवा होऊन वारला, तर व्यवस्थापकांच्या संमतीने ताईमहाराजांनी दत्तक घ्यावा. मुलगा झाला, परंतु तान्हेपणीच गेला. दरम्यान टिळक तुरुंगात जाऊन आले. इस्टेट कर्जात होती. व्यवस्थापकांनी प्रोबेट घेतले, खर्चाला आळा घातला, आणि सरदार घराण्यातील तरुण विधवेला आपल्याच वाड्यात दुसऱ्यांच्या मंजुरीने खर्च करण्याची पाळी आली. १९०१ च्या जून महिन्यात औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. थोड्याच दिवसांत ताईमहाराजांचे मन फिरले, कोणी फिरविले म्हणा, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरकडील बाळामहाराजांस दत्तक घेतले. तत्पूर्वी जुलैअखेर त्यांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला, तो टिळकादिकांना दिलेले प्रोबेट रद्द करावे असा होता.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ च्या एप्रिलमध्ये प्रोबेट रद्द केले व टिळकांवर खोट्या पुराव्याबद्दल फौजदारी खटला चालविण्याची वाट मोकळी करून दिली. प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम पुढे उच्च न्यायालयाने फिरविला, पण फौजदारी चालूच राहिली. २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. अपिलात ती ६ महिन्यांवर आली. आणि ४ मार्च १९०४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. दत्तकाचा दिवाणी दावा निराळाच. तो पुण्यात टिळकांच्या बाजूने, मुंबईत त्यांच्या विरुद्ध, आणि विलायतेत प्रिव्ही कौन्सिलमध्ये २६ मार्च १९१५ रोजी पुन्हा त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतरही शेपूट राहिलेच. १९२० च्या जुलैमध्ये या प्रकरणातील शेवटचा निकाल मुंबईत लागला, त्यासाठी टिळक मुंबईस राहिले होते, आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. मित्राला दिलेला शब्द तेवीस वर्षे पुरला.

टिळकांच्या निष्ठेविषयी मी काही सांगावे अशी माझी योग्यता नाही. परंतु वकिलाच्या नजरेने त्या मृत्युपत्राकडे पाहिले की दोन गोष्टी खटकतात. ते अखेरच्या आजारात झाले, तेव्हा फेरविचाराला वाव उरला नव्हता. आणि ज्या गोष्टीवर घराण्याचे सारे भवितव्य अवलंबून होते ती गोष्ट, म्हणजे वारस कोण, त्या मृत्युपत्राने ठरविलीच नाही. ती एक तरुण विधवा आणि चारपाच कर्ते पुरुष यांच्या भावी एकमतावर सोपविली. हे एकमत टिकले नाही यात नवल नव्हे. चरित्रकारांनी ताईमहाराजांना पुष्कळ दोष दिला आहे. मला त्यांच्याविषयी थोडी कणव वाटते. पतीच्या पश्चात ज्या बाईला प्रत्येक गोष्टीस परक्यांची संमती घ्यावी लागते, तिच्या कानाला लागणारी माणसे कोठेही मिळतात. आजही मी पतींनी केलेली मृत्युपत्रे पाहतो, त्यांत "पत्नीने मुलांच्या संमतीने उपभोग घ्यावा" असे एक वाक्य हमखास असते. लिहिणाऱ्याला ते प्रेमाचे वाटते. त्या वाक्यातून किती दावे निघाले आहेत हे आमच्या धंद्यातील लोकांना विचारावे.

आता प्रोबेट म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयाच्या शिक्क्यानिशी दिलेली प्रमाणित नक्कल व त्यासोबत व्यवस्थापकाला दिलेला अधिकार. हे मृत्युपत्र अमुक मनुष्याचे अखेरचे, शुद्धीत व स्वखुषीने केलेले आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मृत्युपत्रात लिहिलेले घर खरोखर त्या मनुष्याच्या मालकीचे होते की वडिलार्जित म्हणून त्यात भावांचा हिस्सा होता, हा प्रश्न प्रोबेटच्या न्यायालयापुढे नसतोच. ज्यांना वाटते की प्रोबेट मिळाले म्हणजे सर्व तंटे मिटले, त्यांची येथे फसगत होते. शिवाय प्रोबेट मागण्याचा अधिकार मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक नेमले आहे त्यालाच. कोणालाच नेमलेले नसेल तर ज्याला लाभ मिळावयाचा त्याने मृत्युपत्र जोडून व्यवस्थापनपत्र मागावयाचे असते. म्हणून मृत्युपत्रात व्यवस्थापकाचे नाव घालावे, आणि तो आपल्या मागे राहील अशा वयाचा असावा. सत्तरीच्या गृहस्थाने पंच्याहत्तरीचा मित्र नेमला असल्याची मृत्युपत्रे मी पाहिली आहेत.

दुसरा गैरसमज याच्या उलट, की प्रोबेटशिवाय मृत्युपत्राला किंमतच नाही. हिंदूंपुरते पाहिले तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या २१३ व्या कलमाची सक्ती मुंबई, मद्रास व जुन्या बंगालच्या मुलखापुरती होती. मुंबई शहरात केलेले मृत्युपत्र, अथवा मृत्युपत्र कोठेही झालेले असो पण मुंबई शहरातील घरजमीन त्यात आलेली असो, तेथे प्रोबेट घेतल्यावाचून न्यायालयात हक्क सांगता येत नसे. सांगली-मिरजेत केलेल्या आणि येथल्याच मिळकतीपुरत्या मृत्युपत्राला ही सक्ती कधीच नव्हती. तरी आपल्यापैकी ज्यांची दादरला अगर गिरगावात एखादी खोली होती त्यांच्या वारसांनी तिच्यापायी मुंबईच्या उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घातले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ते २१३ वे कलमच वगळले. सक्ती गेली, प्रोबेट घेण्याची सोय मात्र आहे. एखादा वारस नाराज आहे, मृत्युपत्रात कोणाला वगळले आहे, किंवा साक्षीदार वृद्ध झाले आहेत, अशी स्थिती असेल तर साक्षीदार हयात आहेत तोवर ते घेऊन ठेवणे शहाणपणाचे होय.

साक्षीदारांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांनी सही करावी लागते आणि प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, अगर ती सही आपलीच आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. साध्या कागदावर स्वहस्ते लिहिले तरी चालते. तरीसुद्धा नोंदणी करावी आणि ज्याला लाभ मिळावयाचा आहे त्याला साक्षीदार करू नये, असा माझा आग्रह असतो. साक्षीदार म्हणून आपण सहसा आपल्याच वयाचा शेजारी बोलावतो. चाळिशीतील दोन विश्वासू माणसे निवडली तर न्यायालयात उभे राहण्यास त्यांतील एक तरी मिळेल.

मृत्युपत्र नसेल तर काय? आपल्या समाजातील बहुतेक घरांची हीच स्थिती आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. शेजारच्या विजयनगरात आपले जिल्हा न्यायालय आहे. तेथे वारसांना दोन निरनिराळे दाखले मिळतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. ठेवी, शेअर, येणे रक्कम यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. त्याने जमिनीचे काम होत नाही. दुसरा तो वारस दाखला. हा १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिला जातो. पेशवाई जाऊन नऊ वर्षे होतात न होतात तोच कंपनी सरकारने केलेला तो नियम, आणि आज दोनशे वर्षे होत आली तरी सांगलीच्या न्यायालयात त्याखाली अर्ज पडत आहेत. जाहीरनामा निघतो, हरकती मागवितात, आणि कोणी हरकत न घेतल्यास दाखला मिळतो. त्यानेही मालकी ठरत नाही. मृताचा कायदेशीर प्रतिनिधी कोण, एवढे जगाला कळते.

जमिनीसाठी गावी तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे, वारसनोंदीचा अर्ज करावा. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही खबर तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. विश्रामबागेतील प्लॉटांसारख्या शहरी मिळकतींना नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नाव लावून घ्यावे, आणि महापालिकेच्या घरपट्टीवरही. पण हे पक्के ध्यानात ठेवावे की सातबारावर अगर मिळकत पत्रिकेवर नाव लागणे म्हणजे मालकी मिळणे नव्हे. ती सारावसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे. "उताऱ्यावर एकट्या दादाचे नाव आहे, तेव्हा घर दादाचे," असे म्हणून बहिणी गप्प बसतात, आणि "उताऱ्यावर माझेच नाव आहे," असे म्हणून दादा घर विकावयास काढतो. दोघांचाही समज चुकीचा.

वारस कोण, याविषयी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा स्पष्ट आहे. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीला पहिल्या वर्गाचे मुख्य वारस म्हणजे त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई. सर्वांस समान हिस्सा. यांतील आई नेहमी विसरली जाते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात तरुण इंजिनियर अपघातात गेला. पत्नी व एक मुलगी मागे राहिली. आई थोरल्या मुलाकडे खेड्यात राहत होती. घर पत्नीच्या व मुलीच्या नावे झाले. आईने काही मागितले नाही आणि कोणी तिला विचारलेही नाही. चार वर्षांनी आई वारली. तिचा तिसरा हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे थोरला मुलगा, दोन मुली आणि या दिवंगत मुलाची लेक यांच्याकडे गेला. घर विकण्याची वेळ आली तेव्हा दीर व दोन नणंदा यांच्या सह्यांवाचून खरेदीदार पुढे येईना. सासूबाई हयात असता तिने आपला हिस्सा नातीला लिहून दिला असता तर एका कागदाचे काम होते. सुदैवाने दीर भला मनुष्य होता. त्याने सही केलीच, वर बहिणींनाही घेऊन आला. सर्वांच्या वाट्याला असा दीर येत नाही.

मुलींच्या हिश्श्याविषयी आपल्या घरांत जे चालते ते मला आवडत नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्ट बोलण्याची मी परवानगी घेतो. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देण्याचा कायदा आपल्या महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आला. परंतु तत्पूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क मिळाला आणि विवाहाची अटही राहिली नाही. वडील त्या तारखेस हयात असावे लागतात काय, यावर पुढे पंधरा वर्षे वाद चालला व ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशी अट नाही असा निर्णय दिला. राहत्या घराची वाटप मागण्यास मुलींना जी आडकाठी होती तीही २००५ मध्ये निघाली. कायदा इतका पुढे गेला. आपण मात्र वर्षश्राद्धाला बहिणीला बोलावतो, साडीचोळी करतो, आणि जेवणे झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद पुढे ठेवतो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हक्क सोडण्याचा तिला अधिकार आहे व पुष्कळ बहिणी तो मनापासून वापरतात. त्यात वावगे काही नाही. परंतु तो कागद तिला आठ दिवस आधी वाचावयास द्यावा, मिळकतीची खरी किंमत त्यात लिहावी, तिच्या यजमानांशी अगर वकिलाशी तिला बोलू द्यावे, आणि मगच रीतसर नोंदणी करावी. एवढे केले असता ज्या बहिणींनी सह्या केल्या त्यांनी पुढे कधी तक्रार केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. घाईने घेतलेल्या सह्यांचे दावे मी स्वतः चालविले आहेत, कधी भावाच्या बाजूने, कधी बहिणीच्या.

आपल्या पणज्यांच्या काळाशी तुलना करावी म्हणजे आपण कोठवर आलो ते कळते. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. ती तो विकू शकत नसे. १९५६ च्या कायद्याच्या १४ व्या कलमाने हा मर्यादित हक्क संपूर्ण मालकीत पालटला. तरीही "आईला राहावयास खोली दिली आहे" असे मोठेपणाने सांगणारे मुलगे भेटतात. खोली देणारे ते कोण? घरात तिचा स्वतःचा हिस्सा आहे.

बँकेतील ठेवी व नॉमिनी, ज्याला कागदोपत्री नामनिर्देशित म्हणतात, याविषयीचा समज तर फारच खोल रुजला आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत ते सांगणारे नाव. पैसे त्याच्या हाती येतात ते वारसांच्या वतीने. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले. अर्थात विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला असून आईवडील, पतिपत्नी वा मुले नॉमिनी असतील तर त्यांचा विचार आता निराळा होतो. शेअर व म्युच्युअल फंड यांच्याविषयीचा निर्णय डिसेंबर २०२३ मधला. तो ज्यांच्या इस्टेटीवरून झाला ते आपल्या घराघरांत भिंतीवर पोचलेले गृहस्थ, 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते, २०१३ मध्ये ते वारले, आणि गुंतवणुकीवर ज्यांची नावे नॉमिनी म्हणून होती तेच मालक की मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था व्हावयाची, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. नॉमिनी मालक होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. जो गृहस्थ साऱ्या महाराष्ट्राला तिथी, मुहूर्त आणि सण बिनचूक सांगत आला, त्याने व्यवस्था करून ठेवूनही त्याच्या इस्टेटीवरून वाद झाला. यावरून मृत्युपत्र व्यर्थ, असे कोणी समजू नये. मृत्युपत्र होते म्हणून निवाडा करावयास आधार मिळाला. मात्र मृत्युपत्र करताना नॉमिनीची नावेही त्याच्याशी जुळवून घ्यावीत, एवढी खबरदारी प्रत्येकाला घेता येईल.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात व ठेवींत कोणास किती टक्के ते लिहिता येते. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्व बँकांना एकसारखे नियम घालून दिले. त्यांप्रमाणे १५ लाख रुपयांपर्यंतच्या आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी, वारसांत तंटा नसेल तर, न्यायालयाचा दाखला न मागता साध्या कागदपत्रांवर पैसे द्यावयाचे आहेत. सर्व कागद पुरे झाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका व पतसंस्था गावोगाव असल्यामुळे एकेका घराच्या ठेवी पाचपाच ठिकाणी विखुरलेल्या असतात. त्या कोठे आहेत हे फक्त वारलेल्या माणसाला माहीत असते. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात. वारसांना त्या नंतरही मागता येतात, पण मागणार कोण? मुलांना ठेवच माहीत नसते.

व्यवस्थापकाच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. प्रोबेट घेणाऱ्याने सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयात दाखल करावयाचा असतो. इस्टेटीतून पैसे कोणत्या क्रमाने द्यावयाचे तेही कायद्याने लावून दिले आहे. प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या आजारातील खर्च. मग प्रोबेटचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत ज्या मजुराने, कारागिराने अगर घरगड्याने मृताची सेवा केली त्याचा पगार. मग इतर कर्जे. आणि सर्वांच्या शेवटी वारसांच्या देणग्या. १९२५ च्या या कायद्यातील हे एक कलम मला फार आवडते. सावकार आणि मुलगा या दोघांच्याही आधी आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईचा पगार उभा केला आहे. प्रत्यक्षात आपण काय करतो? रात्रंदिवस उशाशी बसलेल्या बाईला दिवसकार्य उरकल्यावर "पुढच्या महिन्यात ये" असे सांगतो. ज्यांच्या घरी असे येणे राहिले असेल त्यांनी ते आजच्या आज देऊन टाकावे.

आणि हिशेब सर्वांना दाखवावा. प्रोबेट नसले, न्यायालयाने मागितला नसला, तरीही. ज्या भावाने धावपळ केली, दवाखान्याचे पैसे भरले, कचेऱ्यांत उन्हातान्हात उभा राहिला, त्यालाच हिशेब मागितला की राग येतो, "माझ्यावर विश्वास नाही काय?" असे तो विचारतो. वहीत लिहून, पावत्या जोडून, न मागता भावंडांपुढे ठेवला तर हा प्रश्नच निघत नाही. एका घरात थोरल्या भावाने रुग्णवाहिकेच्या भाड्यापासून गुरुजींच्या दक्षिणेपर्यंत सर्व लिहून ठेवले होते व वहीची एकेक प्रत पुण्याच्या व बंगळूरच्या भावांना टपालाने पाठविली होती. त्यांच्या वाटणीपत्राचे काम माझ्या कचेरीत एका सकाळी उरकले आणि नंतर तिघे बंधू मिळून गणपतीच्या देवळात गेले.

व्याख्यान चालू असता अध्यक्षांच्या हाती एका भगिनीची चिठ्ठी आली आहे. त्यांनी नाव लिहिलेले नाही आणि ते मी विचारणारही नाही. यजमान आठ महिन्यांपूर्वी वारले, मृत्युपत्र नाही, विश्रामबागेतील घर त्यांनी स्वतःच्या नोकरीच्या पैशांतून बांधलेले, त्यांच्याच नावे, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी, सासूबाई हयात. मुलांना घरावर कर्ज काढावयाचे आहे व त्यासाठी आईने आणि बहिणीने हक्कसोड करावी असे ते म्हणतात. काय करावे?

त्या भगिनीस माझे सांगणे असे. घरात आज पाच वारस आहेत: आपण, दोन मुलगे, मुलगी आणि सासूबाई. प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. सर्वप्रथम पाचही नावे मिळकत पत्रिकेवर लावून घ्यावीत. त्यासाठी कोणाला काही सोडावे लागत नाही. सासूबाईंची मनःस्थिती चांगली असेल तर त्यांचे मृत्युपत्र त्यांच्या इच्छेप्रमाणे आताच करून घ्यावे, कारण त्यांच्या पश्चात त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या इतर मुलामुलींकडेही जाईल. आपल्या मुलीला चिठ्ठीने अगर फोनवरून न विचारता घरी बोलावून, भावांच्या समक्ष विचारावे. मुलांना कर्ज हवे असेल तर सर्व वारसांनी मिळून घर तारण देता येते. त्याकरिता हक्कसोडीची गरज नाही, आणि मालक म्हणून सही करताना कर्ज किती, फेडणार कोण, हेही आपल्याला विचारता येते. आपला स्वतःचा पाचवा हिस्सा मात्र आपण हयात आहात तोवर कोणाच्याही नावे करू नये. तो मुलांनाच द्यावयाचा असेल तर मृत्युपत्राने द्यावा. मृत्युपत्र आयुष्यात कितीही वेळा बदलता येते. नोंदलेली हक्कसोड परत घेता येत नाही. मुले चांगली असतील तर त्यांना याचे वाईट वाटणार नाही. वाटलेच तर मला भेटावयास सांगावे. शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो आणि ज्ञातीतील कोणाकडून या सल्ल्याचे काही घेत नाही.